झोप, भीती आणि आपला मेंदू

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापड मोजणारा माणूस मेंदूविषयी काय सांगणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय आपल्या लोहारा परिसराने प्रत्यक्ष भोगलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. आदल्याच दिवशी गणेश विसर्जन झाले होते. किल्लारी, सास्तूर व भोवतालच्या गावांतील हजारो माणसे दगडमातीच्या घरांत झोपेतच गाडली गेली. जे वाचले, त्यांच्यातील कित्येकांची झोप त्या पहाटेने कायमची हिरावून नेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे या भागातील मानसिक आरोग्याचा अभ्यासही हाती घेतला. तरीही रात्री दचकून उठणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण सहज म्हणून जातो, ‘इतकी वर्षे झाली, आता कसली भीती?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न विज्ञानाने केला आहे.

संकट येताच मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते शरीराचे शत्रू नव्हे. निरोगी माणसात ते रात्रीच्या पूर्वार्धात सर्वांत कमी असते, पहाटे वाढू लागते आणि जाग येण्याच्या सुमारास उच्चांक गाठते. दिवसाच्या कष्टांसाठी शरीराने केलेली ती पूर्वतयारीच होय. ताण दीर्घकाळ टिकला, की मात्र हा क्रम बिघडू शकतो.

अशा ताणाने मेंदूत काय घडते, याचा शोध बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच ते केंद्र आहे. त्यांनी उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवले. प्राण्यांवरील असे प्रयोग आपल्यासारख्या अहिंसा मानणाऱ्या समाजाच्या मनाला टोचतात, हे मी जाणतो. पण हाती आलेले ज्ञान दुर्लक्षिण्याजोगे नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कार्यात असे दिसले, की स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडल्या, तर भीतीशी निगडित अमिग्डालामधील शाखा उलट वाढल्या. २००४ साली त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ताणानंतर एकवीस दिवसांची विश्रांती देऊनही अमिग्डालातील वाढ आणि उंदरांची भयग्रस्तता ओसरली नाही. २००५ साली तर केवळ एकदाच दिलेल्या दोन तासांच्या ताणाचा परिणाम दहा दिवसांनी प्रकट झालेला आढळला.

आमच्या धंद्यातील दाखला द्यायचा, तर कापडावरची घडी इस्त्रीने निघते; पण ओढून ताणलेली वीण मूळ पन्ह्यावर सहजासहजी येत नाही. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे खरे. तरीही संकट सरले म्हणून भीती सरतेच असे नाही, आणि ती काही काळ लोटल्यावरही डोके वर काढू शकते, एवढा बोध त्यांतून निश्चित होतो.

झोपेचे स्थान येथेच आहे. २००७ साली अमेरिकेतील डॉ. मॅथ्यू वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना एक रात्र जागे ठेवले. क्लेशदायक चित्रे पाहताना त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद, झोप घेतलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे भीती झोप मोडते आणि मोडलेली झोप भीती वाढवते. हे चक्र एकट्याने तोडणे कठीण असते.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. घरातील कोणी महिनोन्महिने झोपत नसेल, दचकत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याचे म्हणणे शांतपणे ऐका आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा. तापासाठी औषध घेताना आपण लाजत नाही; मग मनाच्या दुखण्यासाठीच संकोच का असावा?