पालकत्वाचा हिशेब
२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील विषारी वायू झोपलेल्या माणसांच्या घरांत शिरला. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा लढविण्याचा अधिकार केंद्र शासनाने एकट्याकडे घेतला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना कोणी विचारले नाही. पुढे उद्भवणाऱ्या आजारांसाठी विमा उतरवावा, हा १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देशही पाळला गेला नाही. २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिका फेटाळताना न्यायालयाने याच हलगर्जीपणावर बोट ठेवले. दावा मिटला, वस्त्यांखालच्या पाण्यात विष मात्र उरले. जो पालकत्व स्वीकारतो, त्याने पाल्याला हिशेब दिलाच पाहिजे. ज्याच्या घरात विष शिरले, त्याला न विचारता झालेली तडजोड न्याय ठरत नाही.