आधीच्या नमुन्याचं उष्टं

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प पाचवे)

एचपीएलसी कसं चालतं हे आपल्याला ठाऊक आहेच, त्यामुळे पंप, कॉलम, डिटेक्टर यांत शिरत नाही. मी एकच हट्ट घेऊन आलोय: ब्लँक सोयीच्या जागी लावू नका.

पंगतीत आमटीचा डाव बासुंदीत बुडाला, तर जेवणाऱ्याला लगेच कळतं. इथे तीच सुई पन्नास व्हायलींत बुडते आणि कुणी तोंड वाकडं करत नाही. ते काम ब्लँकचं. आणि आपण तो लावतो कुठे? सिक्वेन्सच्या सुरुवातीला, जिथे अजून कुणी जेवलेलंच नाही! (हशा) क्यूएवाले, हसू नका, खाली सही तुमचीच असते.

रक्तातलं औषध मोजणाऱ्यांसाठी 2022च्या आयसीएच एम10 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. सर्वांत मोठ्या स्टँडर्डनंतरच्या ब्लँकमध्ये, मोजता येणाऱ्या सर्वांत खालच्या पातळीच्या 20 टक्क्यांहून जास्त उष्टं नको. खालच्या म्हणतोय! वर 1000 नॅनोग्रॅम आणि खाली 1 असेल, तर मुभा 0.2ची. वरच्याच्या 0.02 टक्के फक्त.

आता एक फजिती, दोन मिनिटांत. आमच्या लॅबमध्ये ब्लँकला पीक आलं. शेतकरी असतो तर पेढे वाटले असते. औषध बेसिक, चिकट जातीचं. सुई मिथेनॉलने धुतली, मग ॲसिटोनायट्राइलमध्ये फॉर्मिक ॲसिड घालून धुतली, रोटर सील बदललं. तीन दिवस नुसतं धुणं! पीकला शेपूटही फुटलं होतं, ते आम्ही औषधाच्या माथी मारलं.

शेवटी लागोपाठ तीन ब्लँक लावले. पीक दर वेळी कमी. तिन्हींत सारखं असतं, तर संशय सॉल्व्हंटवर गेला असता. कमी होतंय म्हणजे कुठेतरी साठलेलं थोडं थोडं सुटतंय. कॉलमच्या तोंडचा नट सोडला. नळीवरची स्टीलची फेरूल जुन्या, दुसऱ्या मेकच्या कॉलमच्या मापाने आवळलेली. नव्यात नळी तळाला टेकतच नव्हती. बारीकशी खळी, गळती शून्य. सुई गंगेत बुडवली असती तरी त्या खळीतलं उष्टं हललं नसतं. तो कॉलम बसवला होता कुणी?

(श्रोत्यांतून: ‘तुम्हीच!’)

हो, मीच. लॉगबुकात सही आहे. पण तेव्हा असं कुणी शिकवत नव्हतं हो!

चिठ्ठी आली. दोनाची दहा मिनिटं झाली म्हणतात. नीडल सीट राहिलंच, ते चहाच्या वेळी विचारा. तेवढं एक करा: उद्या सर्वांत मोठ्या स्टँडर्डच्या पाठोपाठ तीन ब्लँक लावा, आणि कॉलम बदलताना नळी तळाशी दाबून धरूनच नट आवळा.