खोली मिळेल का?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'सोसायटीची वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलंय. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स हे सगळं अहवालात छापलेलं आहे. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस छापील अहवाल परत वाचून दाखवत नाही. मी भाड्याच्या जागेबद्दल बोलणार आहे.

मी मूळचा आंदर मावळातला, टाकव्याच्या वरच्या अंगाचा. आमच्याकडची माणसं पोटासाठी मुंबईला जायची. माझे थोरले चुलते तिथे डबे पोचवायचे. दादरला एका खोलीत आमच्या भागातले बारा-तेरा जण राहायचे. गावाकडून कोणी आलं तर 'जागा आहे का' असं विचारावं लागत नसे. वळकट्या सरकायच्या, झालं.

मला मात्र १९७३ च्या जूनमध्ये पुण्यात बँकेची नोकरी लागली आणि वाटलं, पगारदार माणसाला खोलीची काय अडचण! सदाशिव, नारायण, कसबा, सगळ्या पेठा पालथ्या घातल्या. वाड्यांत खोल्या होत्या, पण त्यांना कुलपं होती. कारण मला नंतर कळलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरावर गोठलेली, आणि त्यातच १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. जे आत होते ते वाचले. मी चार महिने उशिरा आलो! मालक म्हणायचे, "तुम्हाला दिली की ती तुमचीच झाली." नाहीतर पागडी मागायचे. ती कुठून आणणार? आणि प्रश्न तरी किती! गाव कोणतं, आडनाव काय, खाणं काय, लग्न कधी करणार? शेवटी एका आजींनी जिन्याखालची खोली दिली, पंचवीस रुपये भाडं. दिवाळीला मी घरचा आंबेमोहोर नेऊन दिला, तेव्हा कुठे त्या 'अहो'वरून 'अरे'वर आल्या.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

२००९ साली मी आपला सेक्रेटरी होतो. तळेगावच्या एमआयडीसीत नवे कारखाने आले होते, जनरल मोटर्सचा आदल्याच वर्षी सुरू झाला होता. स्टेशन भागात जागेला मागणी वाढली. आपण ठराव केला : सदनिका फक्त कुटुंबाला भाड्याने द्यायची. ठरावाचा मसुदा माझा, अक्षरही माझंच. आठ-पंधरा दिवसांत एक गृहस्थ मुलाला घेऊन दारात. डोक्याला टोपी, पायात चिखल. म्हणाले, "सायेब, वडेश्वरवरनं आलोय. पोरगं तिसऱ्या पाळीला हाय. पाळी सुटल्यावर आमच्याकडं जायला गाडी न्हाय. तुमी बी तिकडलंच ना?" मालक जागा द्यायला तयार होते. मी म्हणालो, "नियम आहे." पाणीसुद्धा विचारलं नाही हो! तो मुलगा पुढे पत्र्याच्या खोलीत सहा जणांबरोबर राहिला, हे मला दूधवाल्याकडून कळलं.

निवृत्तीनंतर रिकामपणी मी उपविधी वाचायला घेतले. (ते सेक्रेटरी असताना वाचायचे असतात, हे नव्या कमिटीने ध्यानात घ्यावं.) सध्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपण काही वर्षं ठोक रक्कम घेत होतो, तीही माझ्याच सहीने. करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकलेली आहे. पोलिसांना कळवा, ओळखपत्र बघा, त्याला माझी ना नाही. रात्री दंगा केला तर खडसवा, मी येतो बरोबर.

पण मुलाच्या बाजूने हिशेब करून बघा. समजा भाडं आठ हजार, अनामत तीस हजार, दलाली एका महिन्याची. किल्ली हातात यायच्या आधी शेहेचाळीस हजार गेले. स्टँप आणि नोंदणी वेगळी. त्याचा पगार समजा पंधरा हजार. बँकेत असा कर्जाचा अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता. बरं, अकरा महिन्यांनी पुन्हा नवी जागा, पुन्हा दलाली. म्हणून मग सहा जण एका खोलीत. आणि आपण म्हणतो, 'ही पोरं किती दाटीवाटीनं राहतात!'

२००९ चा तो ठराव अजून रद्द झालेला नाही. इतिवृत्ताच्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात.

माझी बी विंगमधली सदनिका पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. तीन मुलं बघून गेली, त्यातला एक खांडीचा आहे, पार घाटाच्या कडेचा. अनामत मी एकाच महिन्याची सांगितलीय. सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं, म्हणून ते पत्र मी आज सकाळीच सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिलंय. समारंभाच्या गडबडीत त्यांनी ते अजून उघडलेलं दिसत नाही, कारण सकाळपासून ते माझ्याशी हसून बोलतायत.

जेवण तयार असल्याची खूण झाली आहे. भात इंद्रायणीचा आहे, गरम असतानाच घ्या.