परक्याच्या शेजारची खुर्ची



सहलीच्या मोठ्या बोटींवर जेवणाची जुनी रीत अशी : वेळ ठरलेली, टेबल ठरलेले, शेजारी ठरलेला आणि वाढपीही तोच. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने हे बंधन काढले; पुढे इतर कंपन्यांनीही तशी सोय केली. आता भोजनगृह उघडे असेतो उतारू केव्हाही येतो. दाराशी त्याला विचारतात, दुसऱ्यांबरोबर बसाल, की स्वतंत्र? बरोबर बसणाऱ्यास सहा-आठ जणांच्या टेबलावर बहुधा लवकर जागा मिळते; दोघांचेच टेबल मागणारास पुष्कळदा ताटकळावे लागते.

परक्याशेजारी बसण्याची सक्ती नाही, म्हणूनच ते गोड लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण वाढप्याचे काय? पूर्वी त्याला उतारूचे नाव ठाऊक असे, आणि अखेरच्या रात्री बक्षिसी त्याच्या हातात पडे. आता ती बहुधा रोजच्या रोज बिलावर चढते, ओळख तुटते.

या वाढप्यांत आपले गोव्याचे तरुणही आहेत. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आहे. त्यात वाढपीही खलाशीच गणला जातो : दिवसात काम १४ तासांहून अधिक नको, किंवा विश्रांती १० तासांहून कमी नको.

उतारूने खुशाल केव्हाही जेवावे. वाढप्याची विश्रांती मात्र ठरलेलीच हवी. आणि शेजाऱ्याचे नाव विचाराल, तेव्हा वाढणाऱ्याचेही विचारा, एवढेच आमचे मागणे आहे.