जमीन साफ झाली, हे ठरवायचं कुणी?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'बंद कारखान्याची जमीन आणि तज्ज्ञांची भूमिका'. मी समाजकार्य शिकले, रसायनशास्त्र नाही. म्हणून रसायनांपासून नव्हे, माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी शहराच्या कडेच्या एका वस्तीतल्या महिला मंडळाने मला बोलावलं. वस्तीला लागून क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता. तो बंद पडून बारा वर्षं झाली होती. पत्रे चोरीला गेलेले, आत पोरं क्रिकेट खेळायची. त्या जागेवर बालवाडी आणि बाग होणार, अशी घोषणा झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही पदरात पडत होतं, त्यामुळे बायका खूष होत्या. तरी काहींच्या मनात पाल चुकचुकत होती. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी पिवळसर यायचं. आत खेळणाऱ्या पोरांच्या पायांवरचे व्रण भरता भरत नव्हते.

मी शिकवल्याप्रमाणे प्रश्नावली तयार केली. २१० घरं, तीन आठवडे. घर क्रमांक, माणसं, उत्पन्न, आजार, बाळंतपणं, गर्भपात. तक्ते केले आणि सभेत सांगितलं, "आजार आहेत, पण सगळीकडे विखुरलेले आहेत. ठोस काही म्हणता येत नाही."

तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात टाकीवर कामाला होते. क्रोमच्या वाफेनं त्यांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलं होतं. मावशी म्हणाल्या, "पोरी, तू घराच्या नंबराप्रमाणं मांडलंस. नंबर तर नगरपालिकेनं दिले. पाणी काय नंबराप्रमाणं वाहतं का? आधी इथून ओढा जात होता. तो बुजवून त्यावर घरं झाली. ओढा कुठनं जात होता ते कुणाला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत तो रकानाच नव्हता.

त्या रात्री आम्ही सहा-सात जणी ड्रॉइंगच्या कागदावर वस्ती काढायला बसलो. मावशींनी आठवणीतून ओढा काढला. मग आजारांच्या घरांवर टिकल्या लावल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा टिकल्या ओढ्याच्या काठाने बसल्या. यावरून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण मातीचे नमुने कुठून घ्यायचे, ते मात्र कळलं.

ही वाट जगाच्या दुसऱ्या टोकाला बायकांनी आधीच शोधली होती, ते मला नंतर समजलं.

अमेरिकेत नायगारा फॉल्स नावाचं शहर आहे. तिथे लव्ह कॅनाल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. पुढे काही झालं तर जबाबदारी आमची नाही, असं कलम करारात घालून ठेवलं. तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली.

१९७८ मध्ये लुईस गिब्ज या तरुण गृहिणीला वर्तमानपत्रातून कळलं की, आपला मुलगा कचऱ्यावर बांधलेल्या शाळेत जातो. मुलाला फिट्स येऊ लागल्या होत्या. शाळा बंद करा, असा अर्ज घेऊन ती दारोदार फिरली. घरोघरी बायका तिला आपले आजार सांगू लागल्या. त्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने आणीबाणी जाहीर केली. गरोदर बायकांनी आणि दोन वर्षांखालच्या मुलांनी जवळची घरं सोडावीत, असा सल्ला दिला. कालव्यालगतची २३९ कुटुंबं हलवली आणि पुढे कुंपण घातलं. कुंपणापलीकडे धोका नाही, म्हणाले.

बायकांना हे पटेना. फोन तर कुंपणापलीकडूनही येत होते. लुईसने नकाशावर खुणा केल्या. जुन्या रहिवाशांना विचारलं. पूर्वी तिथे पाण्याचे उथळ ओघळ होते, घरं बांधताना ते बुजवले होते. आजारांच्या खुणा त्या ओघळांच्या बाजूने होत्या. डॉ. बेव्हर्ली पायजेन या कर्करोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ तिच्या मदतीला आल्या. त्यांनी माहिती शास्त्रीय रीतीने कशी गोळा करायची ते शिकवलं, तिचं विश्लेषण केलं आणि अधिकाऱ्यांपुढे मांडली. अधिकाऱ्यांनी तिची 'गृहिणींची निरुपयोगी आकडेवारी' म्हणून बोळवण केली. तरी बायका हटल्या नाहीत. १९८० मध्ये बाकीच्या कुटुंबांच्या स्थलांतराची सोय झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'सुपरफंड' कायदा झाला. विषारी जागा साफ करण्यासाठी रसायन आणि तेल उद्योगांवर कर बसवून निधी उभा केला गेला.

या कायद्यात १९८६ मध्ये झालेली सुधारणा आपल्या कामाची आहे. अशा जागेजवळ राहणाऱ्या लोकांच्या गटाला स्वतःचा स्वतंत्र तांत्रिक सल्लागार नेमण्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळू लागलं. म्हणजे तज्ज्ञ सरकारचा नाही, कंपनीचा नाही, लोकांचा. अहवाल वाचून दाखवणारा, कुठे पाणी मुरतंय ते सांगणारा.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. लुईसची संघटना घरमालकांची होती. शेजारीच सार्वजनिक घरकुलात भाड्याने राहणारी, मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं होती. विष त्यांच्याही अंगणात होतं. पण भरपाईची भाषा घराच्या किमतीची होती आणि त्यांच्या नावावर घर नव्हतं. त्यांना आपली वेगळी संघटना करावी लागली. पात्र-अपात्रची यादी आपल्याला नवी नाही. जमीन साफ झाली की तिचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की आधी भाडेकरू हलतो. म्हणून 'साफ करा' या मागणीच्या शेजारी 'आम्ही इथेच राहू' ही मागणी पहिल्या दिवसापासून हवी.

आता आपल्या देशात या. भोपाळ म्हटलं की आपल्याला १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र आठवते. पण भोपाळमध्ये दोन दुर्घटना आहेत. एक वायूची, दुसरी मातीपाण्याची. कारखाना १९६९ पासून चालू होता. त्याचा कचरा आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकला जात होता. वायू गेला, कचरा राहिला. १९९९ मध्ये ग्रीनपीसने केलेल्या तपासणीत मातीत पारा आणि मातीपाण्यात क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. त्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. दोघीही वायुपीडित, स्टेशनरीच्या कामावरच्या कामगार. संघटना बांधून त्यांनी १९८९ मध्ये बायकांसह दिल्लीपर्यंत पायी मोर्चा नेला होता.

आमच्या व्यवसायाचाही भोपाळशी संबंध आहे. १९८५ च्या सुरुवातीला टाटा समाजविज्ञान संस्थेचे आणि इतर समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी तिथे घरोघर सर्वेक्षण करत होते. आपण भरलेल्या प्रश्नावलीचं पुढे काय होतं, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

भोपाळचा अलीकडचा भाग तुम्ही वाचला असेल. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून पिथमपूरला नेला. पिथमपूरच्या लोकांनी विरोध केला. आमच्या दारात का, हा त्यांचा प्रश्न होता. जूनअखेर तो कचरा जाळून झाला. बातम्या आल्या, भोपाळ विषमुक्त झालं. पण तो शेडमध्ये बांधून ठेवलेला कचरा होता. नीरी आणि राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला होता, ११ लाख टन. ३३७ टन आणि ११ लाख टन, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. कंटेनर दिसतात, त्यांचे फोटो निघतात. माती दिसत नाही. आणि जाळलं म्हणजे संपलंही नाही. राख उरते आणि ती कुठेतरी पुरावी लागते.

मग जमीन साफ करायची म्हणजे नेमकं काय? आधी तिचा इतिहास काढायचा. काय बनत होतं, टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठे सोडत. मग नमुने घ्यायचे. मग उपाय ठरवायचा. माती खणून दुसरीकडे न्यायची, वर जाड थर टाकून झाकायची, तिथेच प्रक्रिया करायची किंवा भूजल उपसून शुद्ध करायचं. त्यानंतर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. यातली मेख अशी की, किती साफ करायचं हे पुढच्या वापरावर ठरतं. वाहनतळासाठी जी माती चालते, ती बालवाडीसाठी चालत नाही. कारण मूल मातीत बसतं आणि हात तोंडात घालतं. म्हणजे 'साफ' ही शास्त्रीय गोष्ट आहेच, पण तिच्या पोटात एक राजकीय निर्णय आहे. इथे काय होणार आणि कोणासाठी होणार? तो निर्णय रसायनतज्ज्ञाने घ्यायचा नाही, नगररचनाकाराने नाही, आणि मीही नाही. आम्ही फक्त प्रत्येक पर्यायाची किंमत स्पष्ट सांगायची.

आपल्याकडे दूषित जागांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी देणं हे जिल्हा प्रशासनाचं काम ठरवलं आहे. त्यानंतर तपासणी, प्रदूषण कोणी केलं त्याचा शोध आणि खर्च त्याच्याकडून वसूल करणं, असा क्रम आहे. नियम आपोआप वस्तीत चालत येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण 'आमची जागा यादीत आहे का?' असा लेखी अर्ज देता येतो. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच.

आता माझी दुसरी चूक. ही सांगायला जड जातं.

मातीची तपासणी करून घ्यायची म्हणून मी संबंधित कार्यालयाला निवेदन दिलं. वजन यावं म्हणून सोबत सगळ्या प्रश्नावल्यांच्या प्रती जोडल्या. घर क्रमांकासकट. तिथून माहिती कशी बाहेर आली ते मला आजही ठाऊक नाही. पण दोन महिन्यांत एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. 'त्या घरात पोटं टिकत नाहीत,' असं मुलाकडच्यांच्या कानावर गेलं होतं. तिची आई माझ्याकडे आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यांना नाही."

मी माफी मागितली. तिने चहा घेतला नाही. ती पुन्हा मंडळाच्या सभेला यायला सहा महिने गेले.

पुरावा मिळवायच्या घाईत मी तिच्या शरीराची गोष्ट सरकारी फायलीत ठेवून आले होते. हेतू चांगला होता, पण मोडलेल्या लग्नाला त्याचा काय उपयोग? तेव्हापासून आमचा नियम आहे. नकाशावर नाव नाही, घर क्रमांक नाही, गल्लीची फक्त बेरीज. मूळ कागद मंडळाच्या पेटीत, किल्ली मंडळाकडे. बाहेर काय जाणार हे बायका बसून ठरवणार.

तुमच्या भागात अशी जागा असेल, तर आणखी चार गोष्टी सांगते. पहिली, जुने कामगार आणि त्यांच्या बायका यांच्याशी आधी बोला. कारखान्याचे कागद नाहीसे होतात, आठवण राहते. दुसरी, नमुने घेताना आपली माणसं हजर हवीत. जागा आणि खोली लिहून घ्या, आणि त्याच नमुन्याचा एक भाग आपल्यासाठी मोहोरबंद करून मागा. तिसरी, अहवाल मराठीत आणि निर्णयाच्या आधी मिळाला पाहिजे. भूमिपूजनाच्या दिवशी मिळालेला अहवाल म्हणजे आमंत्रणपत्रिका. चौथी, तज्ज्ञ आला की त्याला नम्रपणे विचारा, "तुमचं मानधन कोण देतं?" चांगला तज्ज्ञ रागावत नाही.

आमच्या वस्तीत काय झालं, असं तुम्ही विचाराल. ओढ्याच्या वाटेवरच्या मातीत क्रोमियम निघालं. बालवाडी तिथे झाली नाही. ती पलीकडच्या गल्लीत, समाजमंदिराच्या एका खोलीत भरते. विहीर पिण्यासाठी बंद झाली आणि नळाचं पाणी दिवसाआड येऊ लागलं. कारखान्याच्या जागेला पत्र्याचं कुंपण पडलं. आतली माती मात्र अजून जिथल्या तिथे आहे. तिचा खर्च कोणी करायचा यावर पत्रव्यवहार चालू आहे. मंडळाच्या बायका दर महिन्याला कुंपणाला फेरी मारतात. कुठे पत्रा निघाला, कुठे पाणी साचलं, पाण्याचा रंग कसा होता, ते वहीत लिहितात. वही आता मावशींची नात लिहिते. पहिल्या पानावर तिने आजीने सांगितलेला ओढा काढून ठेवला आहे.

जेवणानंतर गटांत बसू. प्रत्येकीने आपल्या भागातल्या एका बंद कारखान्याची जागा कागदावर काढायची. नाव आठवलं नाही तरी चालेल. पाणी कुठून कुठे जात होतं, तेवढं मात्र आठवून काढा.