एका वेशीत दोन समाज
(सांगली येथे बौद्ध उपासक-उपासिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता दूरच्या देशाचा आहे. गाझा, जेरुसलेम, वेस्ट बँक ही नावे वर्तमानपत्रांतून रोज आपल्या दृष्टीस पडतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या लोकांनी इस्राएलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसे मारली व अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस म्हणून पळवून नेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत इस्राएलच्या सैन्याने गाझाची शहरेच्या शहरे उद्ध्वस्त केली आणि तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे ६०,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे सर्व घडल्यावर जगातील विचारवंत विचारतात की, यहुदी आणि पॅलेस्टिनी यांनी एकाच राज्यात समान नागरिक म्हणून नांदणे शक्य आहे काय? की त्यांची दोन वेगळी राज्ये झाल्यावाचून गत्यंतर नाही?

आपला या वादाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, दोन समाज, एक बलिष्ठ आणि एक दुर्बल, एकाच वेशीत कसे राहतात या प्रश्नाचे आपण जुने विद्यार्थी आहोत. पुस्तकात न वाचताही आपणांस त्याचे उत्तर ठाऊक होते.

याच मुलखातील उदाहरण घ्या. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून लहानगे भीमराव आणि त्यांच्याबरोबरची मुले वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावी निघाली. आगगाडीने ती मसूरच्या स्टेशनावर उतरली. मुले स्वच्छ कपड्यांत होती, त्यांच्यापाशी तिकिटे होती. स्टेशनमास्तरांनी प्रथम आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच ते मागे सरले. बैलगाड्या होत्या, पण गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. राज्य एकच होते, रेल्वे एकच होती, तिकिटाचा दर सर्वांना सारखा होता. तेव्हा ‘एक राज्य’ या दोन शब्दांनी कोणी भुरळ घालू लागला, तर मसूरच्या स्टेशनावर मुलांना गाडी का मिळाली नाही, हे त्याला अवश्य विचारा.

आता पॅलेस्टाईनकडे वळू. १९४७ साली ब्रिटिशांनी तो मुलूख सोडण्याचे ठरविले आणि संयुक्त राष्ट्रांनी अकरा देशांची एक समिती नेमली. त्या समितीत भारत होता. सात सदस्यांनी फाळणी सुचविली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळी योजना मांडली: जेरुसलेम राजधानी असलेले एकच संघराज्य, त्याचे अरब व यहुदी असे दोन घटक आणि सर्वांना एकच नागरिकत्व. मध्यवर्ती विधिमंडळाची दोन सभागृहे असावीत, एकात लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी आणि दुसऱ्यात दोन्ही समाजांस सारख्या जागा, असे त्या योजनेत होते. ही तरतूद ध्यानात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. योजना अरबांनाही मानवली नाही, यहुद्यांनाही नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव केला. दहा देश तटस्थ राहिले. भारताने विरुद्ध मत दिले. ज्या देशाची स्वतःची फाळणी होऊन पुरते चार महिनेही लोटले नव्हते, त्याने दुसऱ्याच्या फाळणीला विरोध करावा यात विसंगती दिसते. मला मात्र त्यात चटका बसलेल्या माणसाचे शहाणपण दिसते.

पुढे युद्ध झाले. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादारांस मुकले आणि त्यांना परत येऊ दिले गेले नाही. नंतरच्या काळात अरब देशांतून लाखो यहुदीही निर्वासित होऊन इस्राएलमध्ये आले. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक आणि गाझा इस्राएलच्या ताब्यात गेले. आज वेस्ट बँकेत शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन माणसांपैकी यहुदी वसाहतीतल्या माणसाला इस्राएलचा दिवाणी कायदा लागू आहे, तर पॅलेस्टिन्याला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागते. समुद्रापासून जॉर्डन नदीपर्यंत अंतिम सत्ता व्यवहारतः एकाच सैन्याची आहे. एक राज्य व्हावे की नाही यावर वाद घालणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही की, सत्ता एक झालेलीच आहे. एक झाले नाही ते नागरिकत्व. गावाचा पाणवठा एक आणि त्यावरचे नियम दोन, ही स्थिती आपणांस नवी नाही.

यहुदी समाजाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. युरोपात नाझींनी ६० लाख यहुदी मारले. इतर देशांच्या दयेवर विसंबून राहिलेल्या अल्पसंख्याकाचे काय होते, हे त्यांनी पाहिले, आणि स्वतःचे राज्य व स्वतःचे सैन्य यांवाचून जीव वाचत नाही अशी त्यांची खात्री झाली. या भीतीला ढोंग म्हणणारा मनुष्य इतिहास जाणत नाही.

या यहुद्यांत आपली मराठी बोलणारी माणसेही आहेत. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्राएल लोक शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कोकणात त्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरी आहे. पण ते तेथे राहिले ते जातींच्या उतरंडीतील एक जात म्हणून. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पडले व त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. गावाने दिलेली शांतता म्हणजे गावाने दिलेली समता नव्हे. इस्राएलची स्थापना झाल्यावर हे लोक मोठ्या आशेने तिकडे गेले. तेथे काय झाले? १९६० नंतर तेथील धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका काढली आणि त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी सुरू केली. कोकणातून गेलेल्या या माणसांना जेरुसलेममध्ये सत्याग्रह करावा लागला, तेव्हा कोठे १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले. स्वधर्मीयांचे राज्य मिळाले की मान आपोआप मिळतो, ही समजूतही तेव्हा बाजूला ठेवा.

दोन समाजांनी एकत्र राहावे की विभक्त व्हावे, या प्रश्नाचा बाबासाहेबांइतका कठोर विचार त्या काळात फार थोड्यांनी केला. पाकिस्तानवरील त्यांचा ग्रंथ १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यांनी हिंदू पक्षाची बाजू मांडली, मुस्लिम पक्षाची बाजू मांडली, तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया यांचे दाखले तपासले. सीमा सोयीची असण्यापेक्षा सैन्य भरवशाचे असणे अधिक मोलाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकत्र राहण्याची इच्छाच नसेल तर नकाशावरील एकता टिकत नाही, आणि वेगळे व्हायचेच असेल तर ग्रीस व तुर्कस्तान यांच्याप्रमाणे लोकसंख्येची अदलाबदल आधी योजावी, हे त्यांनी सात वर्षे अगोदर सांगितले. तशी योजना झाली नाही. काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे.

पण फाळणीची गोष्ट हिंदू आणि मुसलमान एवढ्यावर संपत नाही. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांपैकी सफाईचे काम करणाऱ्यांना ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून भारतात येऊ दिले जात नव्हते. बाबासाहेबांनी १९४७ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंना पत्र लिहून ही गोष्ट निदर्शनास आणली. ज्या जोगेंद्रनाथ मंडलांच्या खटपटीने बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, ते स्वतः पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली त्या पदाचा राजीनामा देऊन भारतात परतले. सीमा आखणारे दोन मोठ्या समाजांकडे पाहून रेघ ओढतात. ज्याच्या हातात झाडू आहे तो कोणत्या बाजूस राहील, हे कोणी विचारीत नाही.

मग बाबासाहेबांनी आपल्यासाठी काय मागितले? वेगळे राज्य त्यांनी मागितले नाही. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत ठराव झाला तो वेगळ्या वसाहतींचा. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी तीच मागणी कायद्याच्या भाषेत घातली: पडीक जमिनी घेऊन अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसविण्यासाठी आयोग, सामाजिक बहिष्कारास शिक्षा आणि स्वतंत्र मतदारसंघ. देश एकच, घटना एकच. पण त्याच देशात दुर्बलाला बाहेर पडून उभे राहता येईल अशी स्वतःची जमीन. माझ्या मते त्यांच्या या मागणीकडे आपल्याच लोकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिचे मर्म असे: ज्याला निघून जाता येत नाही त्याचे एकत्र राहणे म्हणजे संमती नव्हे. निघून जाण्याचे सामर्थ्य हातात असते, तेव्हाच शेजारी आपल्याशी सरळ बोलतो.

हे मी जुन्या काळाचे सांगत नाही. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, तरी २०२३ साली याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील बेडग येथे, बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान ग्रामपंचायतीच्या कारवाईत पाडली गेली, आणि बौद्ध कुटुंबांनी गाव सोडून मुंबईची वाट धरली. चूल, गुरे, शाळेत जाणारी मुले घेऊन पावसाळ्यात रस्त्यावर उतरणे ही हौस नव्हे. मतदार यादी एक, रेशन दुकान एक, ग्रामपंचायत एक. पण वेशीवर नाव कोणाचे लागावे हे ठरविताना आपले मत किती भरते, ते त्या दिवशी कळले. त्यांना जाण्यासाठी स्वतःची अशी दुसरी वसाहत नव्हती. होता तो मंत्रालयाचा रस्ता.

हेच माप पॅलेस्टाईनला लावून पाहा. गाझातील किंवा हेब्रॉनमधील माणसापाशी आज काय आहे? मागे सरून उभे राहावे असे स्वतःचे राज्य नाही, आणि ज्या सत्तेच्या हुकमतीत तो जगतो तिच्या संसदेसाठी मतही नाही. अशा स्थितीत केवळ सीमा पुसून ‘आता सारे एक’ असे जाहीर केले, तर पॅलेस्टिनी त्या नव्या राज्याच्या वेशीबाहेर राहतील. इस्राएलच्या हद्दीत आजही सुमारे एक पंचमांश नागरिक अरब आहेत. त्यांना मत आहे, त्यांचे प्रतिनिधी संसदेत बसतात. तरी २०१८ साली तेथे कायदा झाला की, त्या राज्यात राष्ट्रीय आत्मनिर्णयाचा हक्क केवळ यहुदी लोकांचा आहे, आणि अरबी भाषेचा राजभाषेचा दर्जा काढून घेण्यात आला. उलट बाजूस, दोन्ही समाजांची संख्या आज जवळजवळ सारखी, सत्तर-सत्तर लाखांच्या आसपास असल्यामुळे, केवळ डोकी मोजणाऱ्या राज्यात आपण उद्या अल्पसंख्य होऊ या भयाने यहुदी मनुष्य शस्त्र खाली ठेवणार नाही.

म्हणून १९४७ च्या त्या संघराज्याच्या योजनेतील दुसरे सभागृह मला महत्त्वाचे वाटते. लोकसंख्या काहीही असो, दोघांस सारख्या जागा. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला कायदा करता येऊ नये. ही बहुमताची लोकशाही नव्हे, असे टीकाकार म्हणतील. बरोबर आहे. जातीचे बहुमत जन्माने मिळते आणि मतपेटीने बदलत नाही, हे ज्याने भोगले आहे त्याला ही टीका फारशी लागत नाही.

तर एक राज्य होईल काय? आज नाही, असे मी स्पष्ट म्हणेन. ज्यांनी एकमेकांची मुले पुरली आहेत त्यांना एका पोलिसाच्या हवाली करता येत नाही. प्रथम पॅलेस्टिनी माणसाच्या हाती स्वतःची जमीन, स्वतःचे न्यायालय आणि स्वतःचे राज्य आले पाहिजे. मग समान प्रतिष्ठेने उभे राहिलेल्या दोघांनी संघराज्य करावे की शेजारी म्हणून राहावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. अडचण अशी की, वेस्ट बँक व पूर्व जेरुसलेममध्ये सात लाखांच्या आसपास इस्राएली वसाहतकरी राहतात आणि वेगळ्या राज्याची जमीन दरवर्षी तुटत चालली आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा ताबा बेकायदेशीर असल्याचे मत दिले, तरी वसाहती थांबल्या नाहीत.

भारताने १९५० साली इस्राएलला मान्यता दिली, १९८८ साली पॅलेस्टाईनला दिली, १९९२ साली इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. सप्टेंबर २०२५ मध्ये आमसभेत दोन राज्यांच्या बाजूने जो ठराव १४२ मतांनी झाला, त्यात भारताचेही मत होते. त्याच भारताने गेल्या दशकात इस्राएलची शस्त्रे सर्वांत मोठ्या प्रमाणावर विकत घेतली आहेत. मत एका पारड्यात आणि पैसा दुसऱ्या पारड्यात, हा हिशेब आपल्या खासदारांना विचारण्याचा हक्क घटनेने तुम्हा-आम्हांस दिला आहे.