शांबोंचे मौन



फ्रान्समधील ल शांबों हे डोंगरी खेडे प्रॉटेस्टंट पंथाचे. १६८५ साली चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केले, तेव्हा या पंथाचे लोक रानात लपून प्रार्थना करीत. धरलेल्या पुरुषांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारायला धाडीत. ही आठवण घरोघर जपली गेली. १९४० नंतर ज्यू निर्वासित दाराशी आले, तेव्हा पाद्री आंद्रे त्रोक्मे यांना फारसे समजावावे लागले नाही. शेतकऱ्यांनी त्यांना घरात घेतले, मुले शाळेत घातली, पोलिसांपुढे तोंड मिटले. संपात एखादा तरी फुटतोच, असा माझा अनुभव. म्हणून या मौनाचे मला नवल वाटते. किंमतही पडलीच. आंद्रेंचे नातलग दानिएल जून १९४३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसह पकडले गेले. १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत वारले.